सोमवारचा दम

आमच्या आत्याला रविवारची संध्याकाळ अजून सोसत नाही. वय झालं, चाळ सुटून चाळीस वर्षं झाली, तरी दिवेलागण झाली की ती उगाच उठते, घासलेली भांडी पुन्हा घासते, रेडिओ लावते. विचारलं तर म्हणते, "आबा गप्प व्हायची वेळ ही."

आबा म्हणजे माझे आजोबा. स्वातंत्र्यानंतर वर्षा-दोन वर्षांत पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून मुंबईला आले, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकली आणि लग्नानंतर काही सालांनी दहा बाय बाराच्या खोलीत बिऱ्हाड केलं. चौतीस वर्षं एकच गिरणी आणि एकच खातं, कार्डिंग. आत्या सांगते, रविवारी सकाळचे आबा वेगळेच असत. पोरांना चालत राणीच्या बागेत नेत, धाकट्याला खांद्यावर घेत. दुपारी मटणाचा रस्सा, मग तास-दोन तासांची झोप. चारच्या चहाला गावाकडच्या गोष्टी. ऊन कललं की मात्र एकेक शब्द गळायला लागे. गॅलरीच्या कठड्याला टेकून एकामागून एक बिड्या. पोरांना वाटे, उद्या जॉबर खेकसणार म्हणून बाप धास्तावलाय. आजी एवढंच सांगे, "त्येंला आता काय मागू नगा. उद्या सोमवार हाय."

सोमवारी पहिली पाळी करून आबा चारच्या सुमारास परत येत, ते छातीला कुणी कासरा आवळल्यासारखे. तीन मजल्यांचा जिना, आणि प्रत्येक वळणावर एक थांबा. तिथं ते वहाणेचा अंगठा नीट करत, खिशातली चंची चाचपत, कुणाच्या तरी दारावरचं तोरण बघत. दम खायला थांबलोय हे कुणाला कळू नये म्हणून केलेली ही सगळी कामं. जिन्यात खेळणाऱ्या पोरींना ते कळायचं. त्या तेवढ्यापुरत्या दुसरीकडे बघत. रात्री आबा मांडीवर उशी, उशीवर कोपरं टेकून बसून राहत. आत्या दाराशी झोपायची, आणि अंधारात त्यांच्या छातीतली शीळ मोजायची. एक वाजली की दुसरी येईपर्यंत तिचा स्वतःचा श्वास अडकलेला. मंगळवारी शीळ थोडी उतरे, गुरुवारपर्यंत आबा माणसात येत. रविवार यायचा, आणि पुन्हा तेच.

ह्या रविवारचा इतिहास मला फार पुढे कळला. मुंबईत ताडदेवला कावसजी दावरांनी पहिली कापड गिरणी काढली ती 1854 सालची. त्यानंतर पस्तीसेक वर्षं गिरणी कामगाराला ठरलेला सुटीचा वार नव्हता. सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधू' हे पत्र चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळाली. आज आपण सगळेच तिच्यावर हक्क सांगतो. पण ह्या सुटीनं नकळत आणखी एक काम केलं. गिरणीतला कचरा छातीला काय करतो हे तिनं उघडं पाडलं. रोजच धूळ खाणाऱ्याला आपली छाती आवळलेली आहे हे उमगत नाही. एक दिवस ती सैल पडते, तेव्हाच दुसऱ्या दिवशीचं आवळणं कळतं.

कापसाच्या गठ्ठ्यातून नुसता कापूस येत नाही. बोंडाची टरफलं, वाळक्या पानाची पत्ती, माती, आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंचं विष असं सगळं येतं. ब्लोरूममध्ये गठ्ठे फुटतात आणि कार्डिंगमध्ये तारेच्या दातांच्या मोठ्या रुळावर कापूस विंचरून त्याचा पेळू निघतो. कचरा दातांत अडकतो आणि ते दात साफ करणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. आबा तेच करत. खात्यात समोरचा माणूस धुक्यातल्यासारखा दिसे, असं ते सांगत. घशातला कचरा उतरतो ह्या समजुतीनं पाळीत गुळाचा खडा खात. गूळ पोटात जायचा. कचरा जिथं जायचा तिथंच जायचा.

ह्या रोगाला 'बिसिनोसिस' हे नाव 1877 साली फ्रेंच डॉक्टर आद्रियां प्रूस्त यांनी दिलं. त्यांचाच मुलगा मार्सेल पुढे थोर कादंबरीकार झाला आणि वयाच्या नवव्या वर्षापासून दम्यानं पिडला गेला. 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. शिलिंग यांनी ह्या रोगाच्या पायऱ्या लावल्या. त्यांचं मोजमापच सोमवार होतं: कधीमधी सोमवारी छाती आवळते, दर सोमवारी आवळते, सोमवारखेरीज इतर दिवशीही आवळते. मी हे वाचलं तेव्हा हसू की रडू झालं. आमच्या आजीनं शाळा पाहिली नव्हती, पण आबांच्या आजाराची हकिगत ती ह्याच क्रमानं सांगायची. "आधी नुसता सोमवार हुता. मंग मंगळवार आला. मंग आख्खा आठवडाच सोमवार झाला."

आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, परळला, 1926 पासून केईएम रुग्णालय उभं आहे. तिथले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकात गिरणी कामगारांच्या छात्या वर्षानुवर्षं तपासत होते, धुळीचा दमा कोणता आणि बिडीचा कोणता हे वेगळं काढत होते. आबा तिथं कधी गेले नाहीत. गिरणीच्या दवाखान्यात गेले, तिथं "बिडी सोड" एवढं ऐकून लाल औषधाची बाटली घेऊन आले. बिडीचा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही, तिनं आपलं काम चोख केलं. पण बिडी काही दर सोमवारी जास्त लागत नाही. राज्य कामगार विम्याच्या 1948 च्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांची यादी होती, तीत कापसाच्या धुळीचा हा रोगही होता. कागदावरचा रोग कामगाराच्या छातीत आहे हे सिद्ध करायला मात्र नव्वदच्या दशकात डॉ. मुरलीधर, विजय कान्हेरे यांच्यासारख्यांना मुंबईतल्या एका गिरणीतले कामगार एकेक करून तपासावे लागले. तोवर आबा गेले होते. आणि मिळाली असती तरी भरपाई फुंकून दाखवलेल्या हवेच्या आकड्यावर मिळते. रविवारच्या संध्याकाळी जे व्हायचं, त्याला टक्का नव्हता.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे आमच्या घरात तो कधी संपला हे कुणालाच सांगता येत नाही. आजीच्या लेखी तो संपला ते वळकटी, ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन एसटीनं पाटणला उतरली त्या दिवशी. मी तेव्हा सात वर्षांचा. आबा गावी कायमचे आले म्हणून मला आनंद झालेला.

आबांनाही एक आशा होती. कापूस सुटला, आता दम सुटेल. डोंगराची हवा, कोयनेचं पाणी, मोकळं आभाळ. पहिलं वर्ष त्यांनी वाट पाहिली. पण धुळीनं वर्षानुवर्षं घट्ट केलेल्या नळ्या पुन्हा मोकळ्या होत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी पारावर जाणं सोडलं. तिसऱ्या वर्षी भैरोबाची जत्रा त्यांनी सोप्यातून ऐकली, पाहिली नाही. चढ नव्हता, दोनशे पावलं होती. पण वाटेत धाप लागली, उबळ आली, चारचौघांत बेडका पडला तर? सोप्यातल्या खांबाला पाठ लावून ते भिंतीकडे बघत बसत. मी पाढे म्हणून दाखवले तर मान हलवत, चुकलेला पाढाही बरोबर धरत. जेवणावरची वासना गेली, झोप गेली. घरातल्यांवर खेकसत, मग त्याचंच वाईट वाटून दोन दिवस बोलत नसत. लोक म्हणाले, संपानं माणूस खचला. चुलता म्हणाला, आळस चढलाय. आजी म्हणाली, "हाय खाल्ली ह्येंनी."

आजीचं निदान सगळ्यांत जवळचं होतं. पण 'हाय खाल्ली' ह्यापुढं आपल्याकडं वाट नसते. हाय खाल्लेल्या माणसाला धीर देतात, देवाला कौल लावतात, फार तर डांबरी रस्त्यावरच्या दवाखान्यात नेऊन सलाइन लावतात. आबांना आम्ही आणखी एक उपाय केला, तो प्रेमानं केला आणि तोच नडला. त्यांना हलू द्यायचं बंद केलं. पाणी हातात, ताट हातात, परसाकडं जातानाही नातू बरोबर. न चालणारे पाय दुबळे होतात. दुबळ्या पायांना चार पावलांनाही जास्त हवा लागते, मग धाप लवकर लागते, धापेची भीती वाढते, आणि माणूस आणखी कमी चालतो. आबांची विहीर अशी आम्हीच खोल खणत होतो.

आपल्या भाषेत 'दम' हा एकच शब्द श्वासालाही पुरतो आणि धीरालाही. दम खायचा असतो, दम धरायचा असतो, एखाद्यात दम असतो किंवा नसतो. बाकीच्यांना ही भाषेची गंमत, दमेकऱ्याला मात्र तिचा जाच. दम निघत नाही म्हणावं तर ऐकणाऱ्याला वाटतं, मन कच्चं आहे. चौतीस वर्षं यंत्रापुढं उभ्या राहिलेल्या माणसानं 'मला भ्या वाटतं' म्हणायचं कुणाला?

आणि भीती खरी असते. जुनाट दम्यात नळ्या आवळलेल्या असल्यानं हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. श्वास घाईघाईनं घेतला की सोडायला वेळच उरत नाही, आदली हवा आत साठून राहते आणि भरल्या छातीत नव्या श्वासाला जागा नसते. म्हणजे माणसाला वाटतं हवा मिळत नाही, आणि खरी अडचण असते हवा सुटत नाही ही. जीव घाबरा झाला की श्वास आणखी भराभर चालतो, छाती आणखी भरते, जीव आणखी घाबरा होतो. भीतीनं दम, दमानं भीती. एकदा हे चक्र अनुभवलेला माणूस पुढच्या वेळी जिन्याची पहिली पायरी पाहूनच घाबरतो. आबांची रविवारची संध्याकाळ तीच पायरी होती.

जुनाट दम्याच्या रोग्यांत सुमारे चौघांत एकाला नैराश्याची लक्षणं असतात, दम नसलेल्यांच्या साधारण दुप्पट. तरी ती ओळखू येत नाहीत. कारण झोप न लागणं, अन्न नकोसं होणं, सतत थकवा हे सगळं दम्याच्या खात्यावर मांडता येतं. 1983 साली झिगमंड आणि स्नेथ या दोघा मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णालयातल्या रोग्यांसाठी चौदा प्रश्नांची एक यादी केली, तीत असली शरीराची गाऱ्हाणी मुद्दाम वगळली. पूर्वी ज्यात रमत होता त्यात अजून रमता का, हसण्यासारख्या गोष्टीवर हसू येतं का, काहीतरी भयंकर घडणार असं वाटतं का, अशा धाटणीचे ते प्रश्न. आबांना मी आज त्यातला एकच विचारला असता. जत्रेला का आला नाहीत, हा त्यांच्यापुरता तोच प्रश्न होता. आम्ही तो विचारला, पण खेकसून.

1991 च्या थंडीत आबा गेले. त्यानंतर वीस वर्षांनी आजीला तोच दम लागला, तेव्हा आम्हाला कोडं पडलं. ती गिरणीत गेली नव्हती, बिडीला शिवली नव्हती. साताऱ्याच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, चूल किती वर्षं?" आजी म्हणाली, "हात चुलीतच उगावलं म्हना की." लाकडं, शेणी, तुराट्या, पावसाळ्यात ओलं सरपण, आणि मुंबईला कोळशाची शेगडी. 1950 च्या दशकात दिल्लीत डॉ. शि. पद्मावती यांना फुप्फुसामुळे हृदय निकामी झालेल्या रोग्यांत बायका पुरुषांच्या बरोबरीनं दिसल्या, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायका, आणि त्यांचं बोट चुलीच्या धुराकडं गेलं. हे 1959 साली छापून आलं, तेव्हा आजीच्या संसाराला सहा वर्षं झाली होती. आबांच्या खोकल्यानं भरलेल्या त्या खोलीत दुसराही एक खोकला होता. आत्यानं आयुष्यभर आबांची शीळ मोजली. आईची मोजावी असं तिलाही सुचलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी फवारा दिला, आणि तो घेतल्यावर छाती धडधडली, हात थरथरले तर तो औषधाचा गुण आहे, जीव चाललेला नाही, हेही सांगितलं. झोपेच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नका, काही गोळ्या श्वासच मंद करतात, असं बजावलं. मग स्टूल पुढं ओढून विचारलं, "आजी, भीती वाटते का?"

आजी गप्प झाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग जे बोलायला लागली ते पंधरा मिनिटं. रात्री दोनला जाग येते, उरावर कुणी बसल्यागत होतं, अंगाला दरदरून घाम सुटतो, ह्येंचं तोंड डोळ्यापुढं येतं, लेकरांना उठवावं तर त्यांची झोपमोड. शेवटी म्हणाली, "त्येंनी बी असंच काढलं आसंल. मला कंदी बोललं न्हाईत. मी बी इचारलं न्हाई." बाहेर रांग होती, तरी डॉक्टरीणबाईंनी तिला मध्येच तोडलं नाही. मनासाठीची एक गोळीही सुरू केली, आणि ती वेड्याची नव्हे हे आजीला नाही, आम्हाला समजावलं.

खालच्या मजल्यावर व्यायाम शिकवणारी मुलगी होती, जेमतेम पंचविशीची. आठवड्यातून दोनदा, दोन महिने. चालणं, खुर्चीतून उठणं-बसणं, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर करणं. धाप लागली तर थांबायचं, पण भिऊन आधीच थांबायचं नाही. अशा शिकवणीनं नुसते पायच नाही, मनही सावरतं, हे दम्याच्या रोग्यांत वारंवार दिसून आलं आहे. दम कोंडला तर चेहऱ्यावर पंख्याचा वारा घ्या, असंही तिनं सांगितलं. 2010 साली केंब्रिजच्या संशोधकांनी छोटा पंखा कधी चेहऱ्यावर, कधी पायावर धरून पाहिला होता, चेहऱ्यावरच्या वाऱ्यानं धाप उणावली. आजी हसली. चाळीत तिनं रात्र रात्र आबांना विंझणा घातला होता, पण पाठीवर.

मग ओठ आवळून श्वास सोडायचा धडा आला. नाकानं घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. हवा संथ सुटली की नळ्या मिटत नाहीत, साठलेली हवा निघते, पुढच्या श्वासाला जागा होते. मुलीनं मेणबत्तीचा दाखला दिला: ज्योत विझू नये, नुसती वाकावी. आजीला काही ते जमेना. दोनदा फुंकर मारून ती खोकत बसली. मग एकाएकी म्हणाली, "फुकनीवानी का?"

मुलगी पुण्याची. फुंकणी म्हणजे काय हे मीच तिला सांगितलं, हातभर लांबीची लोखंडी नळी, चूल पेटती ठेवायची. "पण त्यात जोरानं फुंकतात ना?" ती घाबरून म्हणाली. आजीनं मान हलवली. "वल्ल्या लाकडाला जोर लागतुया. म्या इंगळाचं म्हंते. राखंखाली इंगळ आसतुया, त्येला फुकायचं म्हंजी राख उडाया नगं. उडाली की डोळ्यात." आणि रिकाम्या मुठीची नळी करून तिनं इतका लांब, इतका हलका श्वास सोडला की मुलगी घड्याळाकडं बघत राहिली.

घरी तेव्हा गॅस आला होता. आजीनं माळ्यावरून फुंकणी काढायला लावली, चिंचेनं घासली आणि उशाशी ठेवली. त्याच नळीपाशी वाकून तिनं पन्नास वर्षं धूर गिळला होता, हे तिला ठाऊक होतं. "हिनंच घातलं, आता हीच काढंल," असं म्हणून ती मोकळी झाली. फुंकणीनं दमा बरा झाला नाही. दोन वेळा तिला भरती करावं लागलं, हिवाळे वाईटच गेले. पण ती पुन्हा देवळापर्यंत जाऊ लागली, वाटेतल्या दगडावर उघड उघड बसून दम खाऊ लागली, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला "बस की जरा" म्हणून बसवून घेऊ लागली.

त्या वर्षी श्रावणात मी गावी होतो, सोप्यात झोपलेलो. रात्री कधीतरी जाग आली. माजघरात आजी उठून बसली होती, दिवा न लावता. कोपरं गुडघ्यांवर, हातात फुंकणी. नळीतून येणारा आवाज बारीक होता, लांब विहिरीत कुणी हुंकार द्यावा तसा. मी उठणार होतो, पण उठलो नाही. पडल्या पडल्या मोजू लागलो. एक हुंकार, मध्ये शांतता, दुसरा हुंकार. पहिल्यांदा चार अंकांचा, मग पाचाचा, मग सहाचा. मोजता मोजता मला झोप लागली. आत्याला ती त्या दाराशी कधी लागली नव्हती.